नूवेल फ्रांसमधल्या पूर्वजांचा माग आणि त्यांच्या बदलत्या आडनावांचा गुंता

सर विल्फ्रिड लोरिए हे १८९६ ते १९११ या काळात कॅनडाचे पंतप्रधान होते. त्यांच्या घराण्याचा माग काढत सतराव्या शतकातल्या माँट्रियलपर्यंत गेलं, की मूळ पुरुषाची नोंद ‘कोतिनो दी शांलोरिए’ अशी सापडते. जो माणूस फक्त ‘लोरिए’ हा शब्द घेऊन नोंदवह्या धुंडाळेल, तो मधल्याच कुठल्यातरी पिढीत अडकेल आणि कागद हरवले असतील असं समजून थांबेल. कागद मात्र शाबूत आहेत. नूवेल फ्रांसमधल्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीतल्या, पूर्वजांचा शोध अडतो तो बहुतेक वेळा इथेच, आडनावावर ठेवलेल्या भरवशापाशी.

कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत सून किंवा जावई फ्रेंच-कॅनडियन वंशाचे असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नातवंडांच्या वंशावळीची एक बाजू कोकणात किंवा देशावर जाते, तर दुसरी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी. ही दुसरी बाजू नीट शोधली, तर ती आपल्या बाजूपेक्षा कितीतरी मागे, बिनतुटीची जाते. म्हणून हा लेख.

आधी भूगोल आणि काळ

क्वेबेक शहर १६०८ मध्ये वसलं, त्र्वा-रिव्हिएर १६३४ मध्ये, माँट्रियल १६४२ मध्ये. १६६६ मध्ये जाँ तालों या प्रशासकाने वसाहतीची पहिली जनगणना केली तेव्हा तिथे ३,२१५ युरोपीय माणसं होती. त्याच सुमाराची दोन प्रकारच्या माणसांची भर लक्षात ठेवा, कारण बहुतेक वंशावळी त्यांच्यापाशी पोचतात. एक, १६६५ मध्ये आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीचे शिपाई. सुमारे १,२०० आले आणि त्यांतले सुमारे ४०० कायमचे राहिले. दुसरी, १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने लग्नासाठी पाठवलेल्या साडेसातशेहून अधिक मुली, ज्यांना ‘फिय द्यू र्वा’ म्हणजे राजाच्या लेकी म्हणतात. १७६३ च्या पॅरिस तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा लोकसंख्या सुमारे ७० हजार होती. पुढच्या लाखो फ्रेंच-कॅनडियनांचं मूळ प्रामुख्याने याच थोडक्या लोकांत आहे. त्यामुळे एकदा धागा हाती लागला, की तो सहसा सतराव्या शतकापर्यंत जातो.

‘दी’ म्हणजे नेमकं काय

‘अमुक दी तमुक’ म्हणजे अमुक, ज्याला तमुक म्हणतात तो. हे टोपणनाव नव्हे. कायदेशीर कागदांत, चर्चच्या नोंदीत, सहीतसुद्धा येणारं पूर्ण वजनाचं नाव आहे. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. मूळ आडनाव एक आणि वतनामुळे देशमुख किंवा कुलकर्णी, गाव सोडल्यावर गावाचं नाव लावून ‘कर’, आणि एकाच घराण्याच्या दोन शाखांची आज दोन आडनावं, हे आपल्याकडे घरोघरी आहे.

सगळ्यांत मोठा उगम पलटणीचा. फ्रेंच शिपायाला भरती होताच एक ‘युद्धनाव’ मिळे: लाफ्लर, लारोज, लाव्हायोलेत अशी फुलांची, सांसूसी, जोलिकर, लादूसर, व्हाद्बाँकर अशी स्वभावाची. नोकरी संपवून शेतकरी झाला तरी ते नाव चिकटून राही. दुसरा उगम गावाचा किंवा प्रांताचा: लांज्व्हँ म्हणजे आंजू प्रांताचा, पिकार म्हणजे पिकार्दीचा. मेती, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांचा नेता लुई रिएल याच्या पूर्वजाची नोंद ‘रिएल दी लिर्लांद’, म्हणजे आयर्लंडवाला अशी आहे. तिसरा उगम जमिनीचा, आणि शोध घेणाऱ्याला सर्वांत जास्त चकवतो तो हाच.

स्वित्झर्लंडच्या फ्रीबूर्गहून आलेला पिएर मिव्हील हा ‘दी ल स्वीस’, पण त्याचा मुलगा जाक ‘मिव्हील दी देशेन’. बापाचं दी-नाव मुलाकडे आलंच नाही. मुलाने आपल्या जागेवरून नवं घेतलं. आज देशेन आणि मिव्हील अशी दोन्ही आडनावं चालतात. पेर्श प्रांतातल्या तूरूव्र गावचे रिव्हार बंधू बातिस्कांला वसले. निकोला झाला ‘रिव्हार दी लाव्हीन्य’, रोबेर झाला ‘रिव्हार दी लोरांजे’. पुढच्या पिढ्यांत याच घरातून लानुएत आणि लाकूर्सिएरही निघाले. म्हणजे सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगळी, आणि एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या दहा शिपायांचे वंशज मात्र सगळे ‘लाफ्लर’. समान आडनाव हा नात्याचा पुरावा नाही आणि वेगळं आडनाव हा परकेपणाचा पुरावा नाही, हे कागदावर लिहून समोर ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे.

फ्रान्समध्ये क्रांतीनंतर २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरं नाव लावायला बंदी झाली. कॅनडा तोवर फ्रान्सच्या हातून गेलेला होता, त्यामुळे तिथे हा रिवाज एकोणिसाव्या शतकातही जोमात चालला. मग हळूहळू प्रत्येक कुटुंबाने दोनपैकी एक नाव टाकलं. कुणी पहिलं, कुणी दुसरं. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका नावाने, लग्न दुसऱ्या नावाने आणि दफन दोन्ही नावांनी झाल्याच्या नोंदी सर्रास सापडतात.

काही वेळा माणूस नाव घडवूनच घेई. १७०१ मध्ये डेट्रॉइट वसवणारा कादियाक जन्माने आंत्वान लोमे होता; अमेरिका खंडात आल्यावर त्याने ‘द लामोत कादियाक’ हे सरदारी थाटाचं नाव धारण केलं.

मग धरायचं काय? जोडपं

माझं ठाम मत आहे, की या शोधात एकक माणूस नाही, लग्न आहे. नवरा-बायको अशी जोडी धरली की आडनाव कितीही बदललं तरी माग सुटत नाही. याचं कारण फ्रेंच रिवाजातच आहे. स्त्री लग्नानंतर माहेरचं नाव सोडत नसे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई तिच्या माहेरच्या नावाने येते, दफनाच्या नोंदीतही तीच ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘विधवा’ अशा पुस्तीसह येते. दोन-तीनदा विधवा होऊन पुन्हा लग्न केलेल्या बाईचाही माग त्यामुळे लागतो. नवऱ्याचं आडनाव इकडे रिव्हार, तिकडे लाव्हीन्य दिसलं, पण बायकोचं नाव आणि आडनाव तेच असेल, गाव तेच असेल, तर ते एकच घर.

दुसरं कारण लग्नाच्या नोंदीचं. कॅथलिक लग्नाच्या नोंदीत नवरा आणि नवरी दोघांच्याही आई-बापांची नावं असतात, तेही आईच्या माहेरच्या आडनावासह. म्हणजे एक नोंद सापडली की मागच्या पिढीची दोन लग्नं शोधायला मिळतात. पुढे तसंच. बाप्तिस्म्याच्या मागे लागलात तर दर पिढीत गोंधळ होईल. लग्नामागे लग्न अशी साखळी ओढत गेलात तर काम भराभर होतं. बाप्तिस्मे आणि दफनं नंतर, साखळी पक्की करायला पाहावीत.

पहिलं नावही सरळ नसतं

एकोणिसाव्या शतकात क्वेबेकमध्ये जवळपास प्रत्येक मुलीच्या नावाआधी ‘मारी’ आणि मुलाच्या नावाआधी ‘जोसेफ’ लागू लागलं. त्यानंतर बहुधा धर्ममाता किंवा धर्मपित्याचं नाव, आणि शेवटी घरी हाक मारायचं नाव. ‘मारी-रोज-आल्मा’ ही जनगणनेत फक्त ‘आल्मा’ असेल. तेव्हा मारी नावाच्या पाच मुली एकाच घरात दिसल्या तर शेवटचं नाव पाहा.

त्याआधीच्या दोन शतकांत बाळाला अनेकदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव देत. हे दोघे सहसा काका, मामा, मावशी, आजी असतात, म्हणून त्यांची नावं दरवेळी टिपून ठेवा. आई-बापांच्या माहेर-सासरचा पत्ता तिथूनच लागतो. एखादं मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. त्यामुळे ‘जाँ-बाप्तिस्त’ नावाचा बाप्तिस्मा सापडला म्हणजे आपला पूर्वज सापडला असं नाही. आधी त्या नावाच्या मुलाचं दफन झालेलं नाही ना, ते तपासा.

प्रत्यक्ष काम कुठून सुरू करायचं

सुरुवात घरातूनच. आजी-आजोबांचं लग्न कुठे, कोणत्या चर्चमध्ये झालं, इतकं कळलं तरी पुरे. कुटुंब अमेरिकेत असेल तर आधी तिथल्या कागदांतून क्वेबेकमधल्या शेवटच्या लग्नापर्यंत पोचायला हवं. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख माणसं क्वेबेक सोडून अमेरिकेत गेली, त्यांतली पुष्कळशी लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट, लुइस्टन अशा कापडगिरण्यांच्या गावांत. तिथे आडनावांचं दुसरं रूपांतर झालं. काहींचं भाषांतर झालं: र्वाचा किंग, लब्लांचा व्हाइट, ब्वाव्हेरचा ग्रीनवुड. काही कानावर पडली तशी लिहिली गेली: बनुआचा बेनवे, आर्शांबोचा शँबो. कूर्तमांश घराण्यांतले काही जण चक्क शॉर्टस्लीव्ह्‌ज झाले. सरकारी कागदावर हे नवं नाव असलं, तरी तिथल्या फ्रेंच चर्चच्या नोंदवहीत त्याच जोडप्याचं जुनं नाव शाबूत असतं. म्हणून अमेरिकेतही आधी फ्रेंच कॅथलिक चर्चच्या वह्या पाहाव्यात.

क्वेबेकमध्ये १९९४ पर्यंत चर्चची नोंदवही हीच जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद मानली जाई. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रत्येक नोंदवहीच्या दोन प्रती ठेवायचा नियम होता, एक चर्चची, एक न्यायालयाची. एक जळाली किंवा भिजली तरी दुसरी सापडू शकते, म्हणून एका प्रतीत पान फाटलेलं दिसलं तर दुसरी मागवल्याशिवाय आशा सोडू नका. अगदी जुन्या वह्या मात्र एकाच प्रतीत होत्या. क्वेबेक शहरातल्या १६४० च्या आगीत तिथल्या वह्या जळाल्या आणि त्याआधीच्या नोंदी नंतर आठवणीतून पुन्हा लिहिल्या गेल्या. त्या तारखा तेवढ्याच भरवशाने घ्याव्यात.

साधनांपैकी फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्वेबेकच्या कॅथलिक नोंदवह्यांच्या प्रतिमा मोफत आहेत. द्रुएँ संस्थेचा संग्रह पैसे भरून पाहावा लागतो, पण त्यात १९४० च्या दशकापर्यंतच्या वह्या असल्याने विसाव्या शतकातल्या कुटुंबांना तो उपयोगी. माँट्रियल विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राच्या प्रकल्पाने, ज्याला सगळे पीआरडीएच म्हणतात, सुरुवातीपासूनच्या नोंदी जोडून कुटुंबंच्या कुटुंबं उभी केली आहेत. तिथे जोडप्याच्या नावाने शोधता येतं आणि नावांचे स्पेलिंग-भेद एका प्रमाण रूपाखाली आणलेले असतात, त्यामुळे नवख्यासाठी मी हेच आधी सुचवेन. आबे तांगे यांचा १८७१ ते १८९० दरम्यान निघालेला सात खंडांचा वंशावळकोश अजूनही वापरला जातो. त्यात चुका बऱ्याच आहेत; दिशा मिळवायला तो चांगला, पण त्यावर पुरावा म्हणून विसंबू नये. लोकांनी इंटरनेटवर चढवलेल्या वंशावळींनाही हाच नियम.

नाव टाइप करताना कमीत कमी अक्षरं द्या. फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजनं पुष्कळदा उच्चारली जात नाहीत, त्यामुळे ‘रनो’ हे नाव पाच-सहा प्रकारे लिहिलेलं सापडतं. सुरुवातीचा ह उच्चारात नसल्याने ‘एबेर’ कधी ह ने सुरू होतं, कधी नाही. ‘ल’, ‘ला’, ‘द’, ‘दे’ हे तुकडे कधी जोडून, कधी तोडून, कधी गाळून लिहिलेले असतात. नवऱ्याच्या नावाने काही आलं नाही तर फक्त बायकोच्या नावाने शोधा.

नोंद वाचताना

फ्रेंच येत नसलं तरी चालेल, कारण पाद्री ठरावीक साच्यात लिहीत. आधी एका सुवाच्य अक्षराच्या पाद्र्याच्या पाच-दहा नोंदी वाचा, साचा डोळ्यांत बसतो. काही शब्द पाठच हवेत. ‘फ’ किंवा ‘देफ्यँ’ नावाआधी आला तर ती व्यक्ती हयात नाही; मुलाच्या लग्नाच्या नोंदीतून बापाच्या मृत्यूचा अंदाज असा येतो. ‘माजर’ म्हणजे सज्ञान, ‘मिनर’ म्हणजे अज्ञान. फ्रेंच अमलात सज्ञानतेचं वय २५ होतं, तेव्हा वय लिहिलेलं नसलं तरी जन्मवर्षाचा अदमास लागतो. ‘आँद्वाये’ म्हणजे पाद्री पोचण्याआधी घाईने घरीच केलेला बाप्तिस्मा. ‘बो-पेर’ हा शब्द सासऱ्यालाही आणि सावत्र बापालाही वापरत, म्हणून संदर्भ पाहिल्याशिवाय नातं नोंदवू नका.

महिन्यांचा एक सापळा आहे. ७ चा आकडा आणि त्यापुढे ‘ब्र’ असं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. लॅटिन मोजणीचा हा अवशेष आहे. याच वह्यांत मूळनिवासी नावांच्या मध्येच ८ दिसला, तर तो आकडा नसून ‘ऊ’ हा स्वर आहे.

लग्नाच्या नोंदीत ‘तिसऱ्या अंशाच्या नात्याची सूट’ अशा अर्थाचं वाक्य आलं तर ते सोडू नका. जवळच्या नात्यात लग्नाला चर्चची परवानगी लागे. दुसरा अंश म्हणजे दोघांचे आजोबा-आजी एकच, तिसरा म्हणजे पणजोबा-पणजी एकच, चौथा म्हणजे खापरपणजोबा. आडनावं पूर्ण वेगळी असलेल्या दोन घरांचं समान मूळ शोधायला याहून चांगला पुरावा नाही. नात्यांची हीच दाट वीण डीएनए चाचणीवरही परिणाम करते: फ्रेंच-कॅनडियनांत दूरचे नातलग चाचणीत जवळचे दिसतात, तेव्हा त्या आकड्यांवरून थेट नातं ठरवू नये.

नोंदीच्या तळाशी कुणी सही केली तेही पाहा. बहुतेकांच्या पुढे ‘सही करता येत नाही’ असं असतं. पण जिथे सही आहे तिथे माणूस स्वतःला काय म्हणवत होता याचा तो सर्वांत भक्कम दाखला.

नोटरीचे दप्तर

चर्चच्या वह्या माणसाचा सांगाडा देतात. माणूस भेटतो तो नोटरीच्या कागदांत. वसाहतीत १६६४ पासून पॅरिसचा प्रथा-कायदा, कुत्यूम द पारी, लागू होता. त्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरत आणि सामान्य शेतकऱ्याच्या घरात मुलगे आणि मुली दोघांनाही वारसा मिळे. या एका गोष्टीमुळे कागदांचा डोंगर उभा राहिला. लग्नाआधी करार, कुणी मेल्यावर घरातल्या सामानाची यादी, मग वाटणी. यादीत लोखंडी भांडी, गाई, रजया, येणी-देणी सगळं येतं. वाटणीच्या कागदात सगळी हयात मुलं, जावयांच्या नावांसह. अज्ञान मुलांचा पालक नेमताना दोन्हीकडचे नातलग जमत आणि प्रत्येकापुढे ‘मामा’, ‘काका’, ‘चुलतभाऊ’ असं नातं लिहिलेलं असे. दी-नावांचा गुंता सुटतो तो बहुधा इथेच, कारण मालमत्तेच्या कागदात नोटरी दोन्ही नावं आवर्जून घाले.

लग्नाचा करार म्हणजे लग्न झालंच असं मात्र धरू नका. काही करार नंतर रद्दही झाले. हे दप्तर आता क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराकडे आहे आणि बरंच ऑनलाइन पाहता येतं.

समुद्रापलीकडे

मूळ पुरुषाच्या लग्नाच्या नोंदीत त्याचं फ्रान्समधलं चर्च आणि धर्मप्रांत लिहिलेला असतो. तो घेऊन फ्रान्सच्या त्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जायचं. बहुतेकांनी जुन्या वह्या मोफत ठेवल्या आहेत. ला रोशेलसाठी शारांत-मारितीम, पेर्शसाठी ऑर्न. त्याआधी ‘फिशिए ओरिजिन’ ही मोफत सूची पाहा. अनेक मूळ पुरुषांच्या फ्रान्समधल्या नोंदी तिथे शोधून ठेवलेल्या आहेत.

आकादीची, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरातली कथा निराळी. १७५५ पासून इंग्रजांनी तिथल्या फ्रेंचांना हुसकावलं आणि पुष्कळ वह्या नष्ट झाल्या. ग्रां-प्रेच्या काही वह्या निर्वासितांबरोबर लुइझियानात गेल्या आणि आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. आकादीत आडनावं इतकी थोडी होती, की माणसं ‘जाँ आ पिएर आ जोसेफ’, म्हणजे जोसेफचा पिएर, त्याचा जाँ, अशी ओळखली जात. घरात अशी ओळ कुणाला तोंडपाठ असेल तर लगेच लिहून घ्या. ती तीन पिढ्यांची वंशावळ आहे.

गुलाम केलेल्या लोकांचे वंशज असाल तर वाट कठीण आहे. कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत सुमारे ४,००० गुलामांची नोंद मिळते, त्यांतले दोन-तृतीयांश मूळनिवासी. वह्यांत त्यांचं फक्त पहिलं नाव येतं, त्यामुळे मालकाच्या कुटुंबाचे नोटरी कागद चाळावे लागतात. मार्तिनिक आणि ग्वादलूपमध्ये १८४८ च्या मुक्तीनंतर प्रत्येक मुक्त व्यक्तीला आडनाव देऊन खास वह्यांत नोंदलं गेलं. फ्रेंच बेटांच्या आणि पुदुच्चेरीसारख्या ठाण्यांच्या वह्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या सागरपार अभिलेखागाराने मोफत ठेवल्या आहेत.

मॉरिशसचे मराठी भाषक मला कधीकधी फ्रेंच वह्यांत पूर्वज सापडतील का असं विचारतात. ते बेट १८१० पर्यंत फ्रेंचांकडे होतं, पण मुंबई बंदरातून मराठी मजूर गेले ते इंग्रजी अमलात. त्यांनी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या स्थलांतर-नोंदींकडे वळावं. मजुराचा क्रमांक ही तिथली किल्ली आहे.

नोंदवून ठेवताना

वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये आडनावाच्या जागी त्या व्यक्तीच्या स्वतःच्या लग्नाच्या नोंदीतलं नाव घाला. बाकीची सगळी रूपं ‘अन्य नावे’ या रकान्यात, कोणत्या तारखेच्या कोणत्या नोंदीत आली त्यासह. मुलाचं आडनाव बापापेक्षा वेगळं असेल तर ते तसंच ठेवा, एकसारखं करण्याच्या मोहात पडू नका. नाव कोणत्या पिढीत, कोणत्या गावी बदललं हीच पुढच्या शोधाची खूण असते. आणि प्रत्येक लग्नाच्या नोंदीची प्रतिमा उतरवून तिला नवरा, नवरी, गाव आणि वर्ष असं नाव द्या, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला ती जोडप्याने शोधता येईल.